डॉक्टरांच्या छातीवरची जांभळी खूण

डॉक्टर नरहरपंत कासेगावकर यांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी चार शब्द लिहावेत, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. अशा ग्रंथात लोक उपकार आठवतात, गुण गातात आणि शेवटी शाल पांघरवतात. मला डॉक्टरांची आठवण झाली की आधी आठवतात ते त्यांनी मला दिलेले धक्के. मी त्यांच्या हाताखाली सोलापुरात आलो त्याला तप उलटून गेले. एवढ्या काळात माणूस कशालाही सरावतो म्हणतात. मी काही सरावलो नाही, आणि ते मी इथे स्वच्छ लिहिणार आहे. संपादकांना चालत नसेल तर त्यांनी माझा लेख गाळावा.

पहिल्या भेटीपासूनच सांगतो. पुण्याहून परीक्षा देऊन, काळा कोट शिवून, गळ्यात नेकटाय बांधून मी आमच्या इस्पितळात रुजू व्हायला आलो. माझे वडील म्हणत असत की वैद्याचा अर्धा गुण औषधात आणि अर्धा रुबाबात. त्यामुळे रुबाबाची तयारी मी कडेकोट केली होती. थंडीची सकाळ होती. बाह्यरुग्णांच्या खोलीत डॉक्टर खुर्चीवर बसले होते. मी दाराशी उभा राहतो न राहतो तोच माझ्या बाजूने गिरणीतली एक म्हातारी कामकरीण आत शिरली, आणि डॉक्टर ताडकन उभे राहिले.

"या, बसा. काय होतंय तुम्हाला?"

मी मागे वळून पाहिले. मला वाटले, कलेक्टरसाहेब वगैरे कोणी माझ्या मागून आले असावेत. म्हातारीनेही मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते.

"मला म्हंतासा व्हय?" ती म्हणाली. "अवो-जावो करू नगासा डाक्तर, इहिणीच्या घरला आल्यागत वाटतंय."

"मग विहिणीच्या घरी आलात असं समजा. पण बसा," डॉक्टर म्हणाले, आणि ती बसल्यावरच खाली बसले.

मी थक्क झालो. रुग्णाला "तू" म्हणायचे, त्याला उभे ठेवायचे आणि त्याने विचारल्याशिवाय काही सांगायचे नाही, ही त्या वेळी सगळीकडचीच रीत होती. तीच मी शिकून आलो होतो. म्हातारी गेल्यावर मी पुढे होऊन इंग्रजीत माझी ओळख करून दिली. डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला. मला वाटले हस्तांदोलन करताहेत. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि मराठीत म्हणाले, "फार गार आहे. हा हात कुणाच्या पोटावर ठेवलात तर पोट आवळून येईल, आणि तुम्ही म्हणाल आत गाठ लागते आहे. मागच्या पडवीत बंब पेटलाय. शेकून या." माझी नोकरी सुरू झाली ती अशी, नेकटाय लावून बंबापुढे उकिडवे बसून.

डॉक्टर म्हणजे कोणी साधुपुरुष, असा मात्र वाचकांनी समज करून घेऊ नये. ते तापट आहेत. तपकीर ओढतात आणि ती आमच्या अंगावर उडवतात. त्यांनी लिहिलेले औषध कंपाउंडरला वाचता आले नाही, तर चूक कंपाउंडरची असते. पण त्यांचा ताप उतरायची जागा ठरलेली होती. पुण्याहून शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी काही महिन्यांसाठी आमच्याकडे शिकायला येत. त्यांच्यापैकी कोणी काही चुकले तर वॉर्डात डॉक्टर एक शब्द बोलत नसत. "जरा हत्यारांच्या खोलीत या," एवढेच म्हणत. मग दार बंद होई, आणि आतून जे ऐकू येई त्याने आतले चिमटे-कातऱ्याही थरथरत असतील. दार उघडले की पुन्हा सगळे शांत. विद्यार्थ्याची अब्रू रुग्णापुढे जाता कामा नये, हा त्यांचा नेम.

एकदा फेरीच्या वेळी एक विद्यार्थी मला मोठ्याने म्हणाला, "त्या खिडकीजवळच्या प्लीहेला आज पुन्हा ताप आहे." हिवतापाने प्लीहा वाढलेली एक तेलुगू विणकर बाई तिथे पडली होती. डॉक्टर मागे उभे होते. त्यांनी अगदी आस्थेने विचारले, "प्लीहेला मुलंबाळं किती?" विद्यार्थी टिपणवही चाळू लागला. "जा, विचारून या. आणि प्लीहेचे यजमान कोणत्या गिरणीत आहेत, तेही विचारा." तो विचारून आला. बाईंना तीन मुले होती आणि घरात दोन हातमाग होते. पुढे त्या बऱ्या होऊन घरी जाईपर्यंत त्यांची विचारपूस तोच विद्यार्थी करीत असे.

माझ्या घरावरही त्यांचे उपकार आहेत, पण तिथेही मला धक्का बसल्याखेरीज राहिला नाही. माझी धाकटी मुलगी सीता पाच वर्षांची असताना तापाने फणफणली. माझे औषध लागू पडेना, म्हणून मी डॉक्टरांना बोलावले. ते टांग्यातून उतरले, वहाणा बाहेर काढल्या आणि उंबऱ्याशी थांबून माझ्या आईला म्हणाले, "आई, आत येऊ का?" आईचे सोवळेओवळे कडक. घरात डॉक्टर शिरणार म्हणून ती सकाळपासून धुसफुसत होती. असे विचारल्यावर तिचा नाइलाज झाला. पुढे डॉक्टर सीतेजवळ बसले आणि म्हणाले, "ताई, तुमच्या पोटाला हात लावू का?"

सीता म्हणाली, "नको."

आणि डॉक्टर थांबले की! पाटावर बसून राहिले. पोरीच्या अंगाची लाही होत होती आणि हे गृहस्थ तिच्या लाकडी बाहुलीची चौकशी करीत होते. माझा संताप संताप झाला. मी म्हटले, "डॉक्टर, तिला काय विचारायचं? धरतो मी तिला." त्यांनी माझ्याकडे नुसते पाहिले. काही वेळाने सीता आपण होऊनच म्हणाली, "आता लावा." हात लावल्यावर डॉक्टरांनी विचारले, "गार लागतो का?" त्यावर ती म्हणाली, "नाही. बाबांचा लागतो." ताप पुढे डॉक्टरांच्याच औषधाने उतरला. आई त्या दिवसापासून डॉक्टरांच्या पक्षाला मिळाली, आणि माझ्या हातांची कीर्ती घरात कायमची झाली.

आता ज्या प्रसंगासाठी मी लेखणी हाती घेतली तो सांगतो. त्याची हकीकत गावात अनेकांनी अनेक प्रकारे सांगितलेली आहे. मी तिथे उभा होतो.

सांगोल्याकडच्या माळावरचे सिदाप्पा नावाचे एक धनगर आमच्या वॉर्डात होते. माणूस पन्नाशीचा, उंचापुरा, छाती कपाटासारखी. त्यांच्या उजव्या फुप्फुसाबाहेर पाणी धरले होते. दम लागे, आडवे पडवेना. त्यांच्या पत्नी सखूबाई खाटेशी जमिनीवर बसून असत. सोबत आणलेली कडक भाकरी त्या शेंगाचटणीशी खात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नवऱ्याचे दुखणे सांगत. पाणी किती चढले आहे हे बघून, वाढलेच तर सुईने काढायचे, असे डॉक्टरांनी ठरवले होते.

छातीत पाणी कुठवर आहे ते बोटाने ठोकून कळते. एक बोट छातीवर ठेवायचे आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यावर ठोकायचे. हवा असेल तिथे आवाज मोकळा येतो, पाणी असेल तिथे बद्द येतो. बाजारात बायका मडके वाजवून घेतात तसेच. शिकाऊ मुले आवाज बदलेल तिथे कातडीवर शाईच्या पेन्सिलीने रेघ ओढीत. ही पेन्सिल ओली केली की जांभळी उमटते आणि लवकर जात नाही. असे करणे शिक्षणाचाच भाग होता. त्यात गैर काही नव्हते.

एके दुपारी डॉक्टर बाहेरगावी गेले होते आणि मी शस्त्रक्रियेच्या खोलीत गुंतलो होतो. तेव्हा दोन विद्यार्थी सिदाप्पांच्या छातीवर सराव करू लागले. एकाची रेघ एकीकडे, दुसऱ्याची दुसरीकडे. वाद झाला. मग पुन्हा रेघा. रेघांवर रेघा झाल्यावर त्यांतला जो जास्त हुशार, त्याने डाव्या बाजूला चौकट आखली, आणि दोघे त्या माणसाच्या छातीवर फुली-गोळा खेळले. त्या हुशार विद्यार्थ्याचे नाव मी सांगत नाही. तो आज कुर्डुवाडीकडे नाणावलेला डॉक्टर आहे, आणि या ग्रंथाची प्रत तो घेणार हे नक्की. आपण त्याला कुर्डुवाडीकर म्हणू.

यातले आम्हांला काहीच ठाऊक नव्हते. पुढचे तीन-चार दिवस सिदाप्पा अंग पुसू देईनात, एवढीच नर्सबाईंची तक्रार आली. थंडी वाजत असेल म्हणून मी ती सोडून दिली.

मग डॉक्टर परगावाहून परतले आणि फेरीच्या वेळी सिदाप्पांच्या खाटेशी आले. नाडी पाहिली, श्वास पाहिला. श्वास वाढला होता, ओठ काळवंडले होते. डॉक्टर म्हणाले, "सिदाप्पा, पाणी वाढलंय. आज सुईनं काढू या. थोडं दुखेल, पण लगेच मोकळं वाटेल."

"सुई नगं," सिदाप्पा म्हणाले. एवढे बोलायलाही त्यांना धाप लागत होती. "आता गरज न्हाय. त्या बारक्या डाक्तरनं इलाज केलाय."

"कसला इलाज?"

"लिव्हलंय की. छातीवर."

आणि त्यांनी कांबळे बाजूला केले. देवाच्या मूर्तीवरचे वस्त्र काढावे तसे हलक्या हाताने केले. उजवीकडे जांभळ्या रेघांचे जाळे होते. डावीकडे चौकट, तिच्यात फुल्या आणि गोळे, आणि तीन फुल्यांवरून जिंकल्याची आडवी रेघ.

"लई येळ लिव्हत व्हतं," सखूबाई कौतुकाने म्हणाल्या. "हलू नगा म्हनलं तर ह्ये हललं बी न्हाय. दम कोंडून पडलं व्हतं. तवापास्नं आमी पानी लागू दिलं न्हाय."

मी बरेच वॉर्ड पाहिले होते. मुलांचे टवाळपण पाहिले होते, मेलेल्यांची थट्टाही ऐकली होती. पण हे मी पाहिले नव्हते. ज्याला श्वास पुरत नाही अशा माणसाने पोरांचा डाव मोडू नये म्हणून श्वास धरून ठेवला होता, आणि तो डाव औषध म्हणून जपला होता! विद्यार्थी फरशीकडे बघत होते. कुर्डुवाडीकराच्या तोंडावरचे रक्त उडाले होते.

पाणी त्या दिवशी काढले नसते तर सिदाप्पा वाचले नसते. मी डॉक्टरांच्या कानाशी लागून इंग्रजीत म्हणालो, "यांना खरे सांगू नका. लिहिण्याचा गुण संपला, आता पुढचा इलाज सुईचा, एवढेच सांगा. मुलांचे आपण आत पाहू." हा सल्ला मला आजही वावगा वाटत नाही. त्यात कोणाचे नुकसान नव्हते, इस्पितळाचे नाव राहिले असते आणि सुईही टोचता आली असती. एका वैद्याने दुसऱ्याची चूक रुग्णापुढे उघडी करू नये, हा तर आमच्या धंद्याचा पहिला शिष्टाचार. आणि तो पाळण्यात खुद्द डॉक्टरांइतका काटेकोर कोणी नव्हता.

डॉक्टरांनी स्टूल ओढले आणि सिदाप्पांच्या तोंडासमोर बसले.

"सिदाप्पा, हा इलाज नाही. एका बाजूच्या रेघा मुलांनी शिकण्यासाठी ओढल्यात, त्याही तुम्हाला न सांगता. दुसऱ्या बाजूला ती खेळलीत. फुली-गोळा म्हणतात त्याला. यानं तुमचं पाणी एक थेंबही कमी झालेलं नाही. माझ्या इस्पितळात हे झालं. मी तुमची माफी मागतो."

असे म्हणून त्यांनी हात जोडले. सगळ्या वॉर्डासमोर! गिरणीकामगार, विणकर, कोपऱ्यातला तो टांगेवाला मुसलमान म्हातारा, सगळे उठून बसले होते. संपले इस्पितळ, असे मला वाटले.

सिदाप्पांनी मान वाकवून आपल्या छातीकडे पाहिले.

"खेळली?" ते म्हणाले. "माज्यावर?"

"होय."

सखूबाईंच्या तोंडाला मग खळ राहिला नाही. "अरं मुडद्यांनो, अंगाऱ्यावानी जपलं की रं आमी! आंगूळ केली न्हाय ह्येनं! तुमच्या बापाच्या छातीवर खेळा की जावा!" त्यांनी भाकरीचे फडके बांधायला घेतले. सिदाप्पा खाटेवरून पाय खाली सोडत म्हणाले, "चल. माळावर मरू. तितं कुनी खेळत तरी न्हाय."

त्या अवस्थेत ते वेशीपर्यंतसुद्धा पोचले नसते. मी पुढे होऊन त्यांना धरणार होतो. डॉक्टरांनी मला हातानेच अडवले. ते उठले नाहीत, आवाज चढवला नाही, राहा असेही म्हणाले नाहीत. त्यांनी एक प्रश्न विचारला.

"सिदाप्पा, मेंढरं कुणाच्या उभ्या पिकात शिरली, तर शेतकरी कुणाला धरतो? मेंढराला?"

"मेंढराला धरून काय करतुय? मेंढक्याला धरत्यात."

"ही माझी मेंढरं. मला धरा."

एवढे बोलून डॉक्टर उभे राहिले, कोट काढून माझ्या हातात दिला, सदऱ्याची बटणे सोडली, सदरा काढला आणि शेजारच्या रिकाम्या खाटेवर उघड्या अंगाने उताणे पडले. मग कुर्डुवाडीकराकडे हात केला. "पेन्सिल." त्याने ती खिशातून काढून दिली. डॉक्टरांनी ती सिदाप्पांपुढे धरली. "तुम्हाला हवं तेवढं काढा. मी हलणार नाही."

मी कोट घेऊन खुंटीसारखा उभा होतो. ज्यांच्यापुढे शहरातले वकील, सावकार अदबीने बसत, ते डॉक्टर जनरल वॉर्डात उघडे पडले आहेत आणि एक धनगर हातात पेन्सिल घेऊन त्यांच्यावर वाकला आहे! मला ओरडावेसे वाटले. सखूबाईंनी भाकरीचे फडके खाली ठेवले.

सिदाप्पांनी पेन्सिल लगेच टेकवली नाही. त्यांनी आधी आपला खरबरीत हात डॉक्टरांच्या छातीवरून फिरवला, बरगड्यांवरून, खांद्यावरून. सावकाश, दम घेत घेत. मग पेन्सिल जिभेला लावली आणि छातीच्या मधोमध एक चंद्रकोर काढली, तिच्या पोटात एक ठिपका दिला, आणि मागे टेकून बसले.

"ही आमच्या कळपाची खूण," ते म्हणाले. "दर साली गेरूनं काढतो. ही असली की मेंढराला कुनी हात लावत न्हाय. लांडगा सोडून."

डॉक्टर म्हणाले, "मग?"

"मग काय? आता तू माज्यातला झालास. घाल सुई."

सुई घालताना कोणीतरी सिदाप्पांचा हात धरायला हवा होता. डॉक्टरांनी कुर्डुवाडीकराला पुढे बोलावले आणि सिदाप्पांना विचारले, "यानं धरला तर चालेल?" सिदाप्पांनी त्या पोराकडे पाहिले. पोराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. "धर की," ते म्हणाले. "खेळताना भ्यालास न्हाय, आता कशापायी भितुस?" पाणी निघाले, बाटली भरली. तासाभरात ओठांना रंग आला. पुढे काही आठवड्यांनी सिदाप्पा स्वतःच्या पायांनी चालत घरी गेले.

धक्के इथे संपले असते तर मी डॉक्टरांना माफ केले असते. पण दुसऱ्याच दिवशी एका वकीलसाहेबांकडे मुंजीची पंगत होती. गावातली सगळी प्रतिष्ठित मंडळी रेशमी मुकटे नेसून, उघड्या अंगाने पाटांवर बसलेली. डॉक्टर माझ्या शेजारी. आणि त्यांच्या छातीवर लख्ख जांभळी चंद्रकोर! त्यांनी ती पुसली तर नव्हतीच, पण अंगावर उपरणेही घेतले नव्हते. वाढायला आलेले वकीलसाहेब तुपाचे भांडे हातात घेऊन थबकले. "डॉक्टर, हे काय? गोंदवून घेतलंत?"

"नाही. आमच्या धन्याची खूण आहे."

"धनी कोण?"

"सांगोल्याकडचे सिदाप्पा. आमच्या वॉर्डात आहेत. बरे आहेत आता."

सगळ्या पंगतीने माना वळवल्या. मी वरणभात नुसता कालवत राहिलो. मला आजही वाटते, उपरणे घेता आले असते.

त्यानंतर आमच्या वॉर्डात एक चाल पडली, आणि बाहेरून येणारे डॉक्टर ती पाहून माझ्यासारखेच चकित होतात. कोणाही विद्यार्थ्याला रुग्णाची छाती ठोकायची असेल तर आधी त्याने स्वतःचा सदरा काढायचा आणि रुग्णासमोर आपली छाती ठोकून घ्यायची. रुग्णाला वाटले तर रुग्णानेही ठोकून पाहायची. "आधी आपली," एवढेच डॉक्टर म्हणतात. घाबरलेली पोरे, बुजलेले म्हातारे त्या पांढरपेशा पोरांच्या बरगड्या वाजवतात, हसतात, आणि मग स्वतः होऊन बंड्या काढतात. बायकांच्या वॉर्डात नर्सबाई आपला हात पुढे करतात. कुर्डुवाडीकराने शिक्षण संपेपर्यंत ही चाल एकदाही मोडली नाही, आणि ऐकतो की आपल्या दवाखान्यात त्याने ती अजून चालू ठेवली आहे. मी मात्र कधी कोट काढला नाही. मी विद्यार्थी नव्हतो, असिस्टंट होतो. डॉक्टरांनीही कधी आग्रह केला नाही.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांना न्यूमोनिया झाला. गावाच्या तोंडचे पाणी पळाले. या दुखण्यावर आमच्याजवळ शुश्रूषा आणि धीर याखेरीज फारसे काही नसते, हे वाचकांनाही ठाऊक आहे. कुर्डुवाडीकर दवाखाना बंद ठेवून येऊन राहिला. आणि एका सकाळी मी डॉक्टरांच्या घरी गेलो, तर उंबऱ्याबाहेर सिदाप्पा बसलेले. केस पिकलेले, खांद्यावर घोंगडी, शेजारी सखूबाई. सांगोल्याच्या बाजारात बातमी लागली होती. मला म्हणाले, "मेंढरू आजारी हाय म्हनं."

मी त्यांना आत नेले. ते खाटेशी बसले, आणि त्यांनी जे विचारले त्याने मी जागीच खिळलो. "डाक्तर, छातीला हात लावू का?" डॉक्टरांनी मान हलवली. सिदाप्पांनी हात फिरवला, कनवटीचा गेरू काढून तांब्यातल्या पाण्यात कालवला, पुन्हा विचारले, "काढू का?" आणि मधोमध चंद्रकोर आणि ठिपका काढला.

आता मला छाती ठोकून पाहायची होती. मी हात शेकून पुढे झालो. डॉक्टरांना बोलवत नव्हते. तरी तापाने लाल झालेले डोळे माझ्यावर रोखून ते पुटपुटले, "आधी आपली."

मला वाटले तापात बडबडताहेत. ते बडबडत नव्हते. खोलीत त्यांच्या घरची मंडळी होती, कुर्डुवाडीकर होता, धनगर नवरा-बायको होती. मी कोट काढला. नेकटाय सोडली. सदरा काढला. एवढ्या वर्षांत मी कोणापुढे उघडा झालो नव्हतो. सिदाप्पांनी माझ्या छातीवर बोट ठेवले, कान लावून ठोकले आणि म्हणाले, "आतनं मोकळंच वाजतंय की ह्ये!"

डॉक्टर हसले. हसता हसता त्यांना खोकला आला, आणि मी घाबरून धावलो. पण त्या दुखण्यात ते प्रथमच हसले होते. मग मी त्यांची छाती ठोकली. खूण मोडू नये म्हणून तिच्या कडेकडेने ठोकली, आणि असे मी का करतो आहे याचे मला स्वतःलाच नवल वाटले. मी रडत होतो. ते लिहायलाही मला आता लाज वाटत नाही.

डॉक्टर बरे झाले. आता सकाळी वॉर्डात येतात, तपकीर उडवतात, हत्यारांच्या खोलीतून त्यांचा आवाज पूर्वीसारखा ऐकू येतो. साठीनिमित्त त्यांना काय द्यावे, याची समितीत पुष्कळ चर्चा झाली. द्यायचे ते समिती देईल. माझे मागणे एकच आहे, आणि ते मी परमेश्वराकडे मागतो. डॉक्टरांनी शंभर वर्षे धडधाकट राहून मला असेच धक्के देत राहावे. दर हिवाळ्यात सिदाप्पांनी माळावरून यावे, आधी विचारावे आणि मग गेरूची खूण नवी करावी. या खुणेच्या मेंढराला लांडगा सोडून कोणी हात लावीत नाही. त्या लांडग्यालाही आमच्या डॉक्टरांकडून एवढी रीत शिकता येवो की हात लावण्याआधी विचारावे लागते, आणि त्याने विचारले, तर आमच्या सीतेसारखे आम्ही सगळे मिळून म्हणू, "नको."